नव्या बुटांचा वॉकर

मी एक वॉकर बोलतोय. नावावर जाऊ नका. आजवर मी स्वतःहून एक पाऊलही टाकलेलं नाही. कोणी उचलून पुढे ठेवलं तर पुढे, नाही तर ठेवलं तिथंच. चार पाय, समोर एक आडवी दांडी, धरायला दोन मुठी आणि पायांत काळे रबरी बूट, एवढंच माझं शरीर. तरीपण चालणं म्हणजे काय, हे मला जेवढं कळतं तेवढं रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणाऱ्यांनाही कळत नसेल, असं मी छातीठोकपणे सांगतो. मला छाती नाही, ती गोष्ट सोडा.

एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवलं. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते नागपुरातल्या एका दुकानाच्या दारात उभं राहणं. रस्त्यानं जाणारी माणसं कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्याकडे हौसेनं वळून बघत आणि माझ्याकडे आली की नजर चुकवून पुढे जात. मला बघितलं की लोकांना आपले गुडघे आठवतात, त्याला मी काय करणार?

मग एक दिवस पुष्पलताबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी मला नुसता हात लावून बघितलं नाही. मुठी धरून दुकानात एक चक्कर मारली, अंगाचा सगळा भार टाकून बघितला, खिट्ट्या दाबून मला उंच केलं, ठेंगणं केलं. दुकानदारानं विचारलं, घरी कोणासाठी हवाय? त्या म्हणाल्या, घरच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. ते उत्तर मला तेव्हा कळलं नाही, पण आवडलं.

त्या मला हुडकेश्वरला घेऊन आल्या. तिथं त्यांच्या वस्तीतल्या मंडळाची इमारत आहे. वर सभागृह आणि खाली रस्त्याला लागून एक खोली. त्या खोलीत पुष्पलताबाई आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तूंचं केंद्र चालवतात. कोणाचं ऑपरेशन झालं, कोणी घसरून पडलं, की घरचं माणूस इथं येतं, हवी ती वस्तू घेऊन जातं आणि गरज संपली की परत आणून देतं. खोलीत एक व्हीलचेअर होती, चाकं असल्यामुळे ती जरा तोऱ्यात असायची. कमोडची खुर्ची होती, स्वभावानं अगदी गरीब. हवेची गादी होती, कोपऱ्यात काठ्यांचं टोळकं होतं आणि माझे आणखी काही भाऊबंद होते. आमचं सगळ्यांचं छान जमायचं, कारण आम्ही फार वेळ एकत्र नसायचोच.

केंद्राचा एक नियम होता, तो कुठं लिहिलेला नव्हता. वस्तू परत आणणाऱ्याला काही विचारायचं नाही. सुरुवातीला पुष्पलताबाई विचारत असत. एकदा एक गृहस्थ मला परत घेऊन आले, तेव्हा त्यांनी हसून म्हटलं, बरं वाटतंय ना आता वहिनींना? गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, काल तिची तेरवी झाली. पुष्पलताबाईंनी त्यांना बसवलं आणि माठातलं पाणी आणून दिलं. तेव्हापासून ठरलं. वस्तू परत आली की आणणाऱ्याला बसवायचं, पाणी द्यायचं, तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर उन्हाबद्दल बोलायचं. नागपुरात उन्हाबद्दल कितीही वेळ बोलता येतं.

लोकांचाही एक रिवाज होता. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही सवय आपल्याकडे हाडीमाशी खिळलेली. पण वॉकरमध्ये घालून देणार काय? तरी लोक मार्ग काढायचे. मी कधी मुठीला संत्र्यांची पिशवी अडकवून परत आलो, कधी दांडीला सांबाराची जुडी बांधून. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. एका माउलीनं तर मला चिंचेनं असा घासला की खोलीत आल्यावर व्हीलचेअरनं मला ओळखलंच नाही.

असं सगळं बरं चाललं होतं. मग मंडळाचे अध्यक्ष मारोतराव एक दिवस खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो. एका शिकवणीवाल्यानं ही खोली मागितली होती, पोरं शिकतील, निकाल लागतील, ते सगळ्यांना दिसेल. केंद्र चांगलंच आहे, असं मारोतराव म्हणाले, पण त्यानं नेमकं होतं काय, असं कोणी विचारलं तर सांगायचं काय? पुष्पलताबाईंनी नोंदवही पुढे केली. किती वस्तू गेल्या, किती आल्या, एवढंच त्या सांगू शकत होत्या.

एक वाट होती. बुटीबोरीची एक कंपनी अशा कामांना मदत करते. कंपनी केंद्राच्या मागे उभी राहिली तर खोली राहणार होती, नाही तर दिवाळीला शिकवणीवाला येणार होता. पण कंपनीचीही तीच अट. तुमच्या वस्तूंनी माणसांच्या जगण्यात काय फरक पडला, ते दाखवा. पुष्पलताबाईंचे यजमान वारलेले, मुलं बाहेरगावी. त्यांचा दिवस त्या खोलीत उजाडायचा आणि तिथंच मावळायचा. मारोतराव गेल्यावर त्या आमच्या सगळ्यांवरून उगीचच फडकं फिरवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

फरक मोजायला कंपनीनं रितिकाला पाठवलं. इतवारीतल्या भांड्यांच्या व्यापाऱ्याची लेक, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात टॅब. पोरगी गोड होती. तिनं आल्या आल्या पुष्पलताबाईंना नमस्कार केला आणि टॅबवरचा प्रश्न दाखवला. वस्तू परत येईल तेव्हा विचारायचं, रुग्णाची प्रकृती कशी आहे? सुधारली, तशीच, बिघडली की मृत्यू? चारांपैकी एकावर बोट ठेवलं की झालं.

पुष्पलताबाईंनी तो प्रश्न वाचला आणि टॅब परत तिच्या मांडीवर ठेवला.

"परत आलेल्या माणसाले हे नाई विचारत आम्ही."

"काहून काकू? एकच तर प्रश्न आहे."

"तू आज इथं बस. कोणी आलं तर तूच विचारून पाह्य."

दुपारी एक मध्यमवयीन माणूस व्हीलचेअर घेऊन आला. डोकं ताजं भादरलेलं, डोळे सुजलेले. रितिकानं टॅब हातात घेतला, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि टॅब खाली ठेवला. मग तीच उठली आणि माठातलं पाणी घेऊन आली. तो गेल्यावर ती म्हणाली, काकू, तुमचं खरं आहे. पण मग मोजायचं कसं?

विचार करता करता तिनं समोर उभा असलेला मला उचलला आणि चक्क उलटा केला. बापाच्या दुकानात भांडं उलटं करून बूड बघायची सवय असणार. माझे तळवे कोणी बघण्याची ती पहिलीच वेळ, मला लाजल्यासारखं झालं. तिनं बुटांवरून अंगठा फिरवला. बूट एका बाजूनं झिजलेले होते. तिचे डोळे चमकले. वस्तू देताना प्रत्येक वॉकरला आणि काठीला नवे बूट घालायचे आणि परत आल्यावर ते किती झिजले ते बघायचं. झिजले म्हणजे माणूस चालला. नाही झिजले म्हणजे वॉकर नुसता टॉवेल वाळवायला वापरला. कोणाला काही विचारायची गरजच नाही.

पुष्पलताबाई खूश झाल्या. त्यांनी तिला संत्रा बर्फी दिली, वर एका डब्यात बांधूनही दिली. आणि मी? माझ्या पायांकडे बघून आता माणसांचं चालणं मोजणार, म्हटल्यावर मी हवेतच होतो. व्हीलचेअरला बूट नसतात, याची मी तिला दोन-तीनदा आठवणही करून दिली.

होळीनंतर मला नवे बूट घालून बाबारावांच्या घरी पाठवलं. बाबाराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभ्या विदर्भाच्या रस्त्यांवर बस हाकलेला माणूस आणि स्वतःच्या घरच्या न्हाणीत घसरून खुबा मोडून बसला. ऑपरेशन झालं होतं. घरात मुलगा रजत, तो बुटीबोरीला पाळीवर कामाला जायचा. दिवसभर घरी सासरे आणि सून कामिनी, एवढेच.

मला बघून बाबाराव म्हणाले, ह्या लोखंडाच्या सांगाड्याले लटकून मी नाई चालणार. मी लोखंडाचा नाही, ॲल्युमिनियमचा आहे, पण ऐकतो कोण? मग झालं ते नेहमीचंच. माझ्यावर आधी टॉवेल आला, मग बनियान, मग कामिनीचा ओले हात पुसायचा पंचा. मी खाटेजवळ उभा राहून घरातलं बघत होतो.

जे बघितलं ते सांगतो. बाबारावांना संडासला न्यायचं काम कामिनीकडे होतं. ती त्यांना काखेतून धरून न्यायची, दार लोटून घ्यायची आणि पाठ करून बाहेर उभी राहायची. ती काही बोलायची नाही, तोंड वाकडं करायची नाही. पण परत खाटेवर आल्यावर बाबाराव भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि जेवायला हाक मारली तरी वळायचे नाहीत. हळूहळू त्यांनी पाणी पिणं कमी केलं. नागपूरचा उन्हाळा, कूलर घरघरतोय, आणि हा माणूस ओठ सुकले तरी तांब्याला हात लावत नव्हता. पाणी कमी म्हणजे जाणं कमी. डॉक्टरनं विचारलं तर तहान लागत नाही म्हणून सांगायचे.

कामिनीला ते कळलं होतं. एका दुपारी तिनं माझ्यावरचे कपडे उचलून बाजूला टाकले आणि मला खाटेला लावून उभं केलं.

"मामाजी, तुम्ही पाणी काहून नाई पिऊन राहिले, ते मले समजते. तुमाले कसं वाटत असन तेही समजते. मीच सांगून हा वॉकर आणवला. धरा याले. मी बाहेर बसून राहीन, आवाज द्याल तरच येईन."

बाबाराव भिंतीकडे वळले. पण संध्याकाळी त्यांनी माझ्या मुठी धरल्या. धरल्या म्हणजे स्टिअरिंग धरल्यासारख्या आवळल्या. आधी मी, मग दुखरा पाय, मग धड पाय. खाटेपासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. वळताना मला गदागदा हलवायचे, गिअर अडकल्यासारखे पुटपुटायचे, घाम पुसायचे आणि पुन्हा निघायचे. मला शिव्याही बसल्या. त्या मी मनावर घेतल्या नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी हात पुन्हा माझ्याच मुठींवर यायचे.

मग तो दिवस आला. कामिनी छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, मेथी निवडत बसली होती. बाबाराव मला घेऊन निघाले, बोळीतून गेले, दार ढकललं, मला आत भिंतीला लावलं आणि दार बंद करून आतून कडी घातली. कडी गंजलेली होती, कर्रकन वाजली.  मग छपरीतून कामिनीचा आवाज आला. मामाजी, चहा मांडू का?

आतून बाबाराव म्हणाले, "मांड. अन् पाणीही दे बरं गारगार."

त्या दिवसापासून माझ्या अंगावर टॉवेल पडला नाही. आम्ही छपरीत गेलो, अंगणात गेलो, गल्लीच्या टोकाच्या पानठेल्यापर्यंत गेलो. सिमेंटचा रस्ता खरखरीत. माझे बूट घासत गेले, शेवटी तर नळीचं टोक फरशीवर टकटक वाजू लागलं. मला त्या आवाजाचा फार अभिमान वाटायचा. पोळा जवळ आला तोवर बाबाराव नुसत्या काठीनं चालायला लागले. माझं काम झालं.

परत देण्याआधी बाबारावांनी मला उलटा केला आणि त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्याची वस्तू अशी झिजवून परत द्यायची? त्यांना ते पटेना. रजत म्हणाला, मी येता येता बूट घेऊन येतो. बाबाराव म्हणाले, तू आणशील काहीही, मी येतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं ऑटोनं इतवारीत गेलो. हातगाड्या, टेम्पो, माणसांची ही गर्दी. मी रजतच्या खांद्यावर आणि बाबाराव काठी टेकत पुढे, एखाद्या हातगाडीवाल्याला बाजूला हो म्हणून दटावत. खुबा मोडल्यापासून गल्लीबाहेर चालत फिरायची त्यांची ती पहिलीच वेळ. लोखंडी सामानाच्या दुकानात त्यांनी मला, शाळा सुरू व्हायच्या आधी पोराला घालून बघतात तसे, एकेक बूट घालून बघितले. जुने बूट दुकानदारानं केराच्या टोपलीत टाकले.

तेव्हा मला काय वाटलं असेल? त्या टोपलीत माझी सगळी साक्ष पडली होती. ओरडून सांगावंसं वाटलं, पण देवानं मला चार पाय दिले आणि तोंड द्यायचं विसरला.

कामिनीनं मला धुतलं, मुठीला वांग्यांची पिशवी बांधली. दुसऱ्या दिवशी रजतनं मला केंद्रात पोचवलं. त्याला पाळीला जायची घाई होती. पुष्पलताबाईंनी पाणी दिलं, तो प्यायला आणि गेला. कोणी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही.

थोड्या दिवसांनी रितिका आली आणि तिनं आम्हाला एकेकाला उलटं केलं. मी कोरा करकरीत. शेजारचा वॉकर कोरा करकरीत. त्याच्या पलीकडचा साबणाच्या वासाचा आणि तोही कोरा करकरीत. तिनं माझ्या नावापुढे लिहिलं, वापर नाही. फक्त एकाचे बूट भरपूर झिजलेले होते. त्याच्यापुढे तिनं उत्तम असं लिहिलं. त्या बिचाऱ्यानं मला नंतर खरं सांगितलं. त्याचा रुग्ण बिछान्यातून उठलाच नव्हता, घरच्या पोरांनी त्याला गच्चीवर क्रिकेटचे स्टंप म्हणून वापरला होता.

रितिकानं टॅब बंद केला. अहवाल पाठवण्याआधी तिला तो पुष्पलताबाईंना स्वतःच्या तोंडानं सांगायचा होता, एवढी ती सरळ होती. तिनं सांगितलं, की काकू, बहुतेक लोकांनी वॉकर नेले आणि वापरलेच नाहीत. कंपनी नाही म्हणेल. मला खोटं लिहिता येणार नाही.

पुष्पलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खोलीभर नजर फिरवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी नुसतं सामान सांभाळून राहिली का वं?"

 मी दोघींच्या मधे उभा होतो, नवे बूट घालून. इतकी लाज मला टॉवेलांचीही कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात दारात काठीची टकटक झाली. बाबाराव आले होते, चालत, आणि मागून कामिनी. पुष्पलताबाईंना वाटलं, वॉकर परत हवाय. तर बाबाराव म्हणाले, वॉकर नको, पण त्याचा मागचा एक बूट मले ढिला वाटून राहिला होता. दुकानदार बरोबर आहे म्हणे, पण तेव्हापासून चैन पडेना. उद्या कोणी त्याच्यावर भार टाकला अन् घसरून पडला, तर पाप माझ्या डोक्यावर.

रितिकानं मान वर केली. "कोणता बूट, काका?"

"मी बदलला तो. इतवारीतून आणले ना नवे."

"तुम्ही बूट बदलले? काहून पण?"

"मंग झिजवून तसाच परत देऊ? दुसऱ्याची वस्तू आहे बाई. आमच्या मायनं असं नाई शिकवलं आमाले."

रितिकानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शेजारच्याकडे आणि साबणाच्या वासाच्या त्या तिसऱ्याकडे. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि अशी हसत सुटली की बाबाराव गोंधळून कामिनीकडे बघायला लागले. पुष्पलताबाईंना जरा वेळानं उलगडा झाला आणि त्या हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. नंतर रितिकानं बाकीच्या घरीही फोन करून फक्त बुटांचं विचारलं. बहुतेकांनी बदलले होते. कोणी पोराकडून, कोणी जावयाकडून मागवले होते. जो जास्त चालला त्याचे जास्त झिजले आणि त्यानंच आठवणीनं नवे घातले. आपल्या माणसांचा चांगुलपणा तिनं हिशेबात धरलाच नव्हता.

पण ते नंतरचं. त्या दिवशी तिनं बाबारावांना खुर्ची दिली आणि विचारलं, काका, वॉकरनं तुम्हाला काय झालं, सांगाल का? बाबाराव म्हणाले, बरं आहे आता. ती म्हणाली, म्हणजे काय काय करता येतं? बाबाराव पंख्याकडे बघायला लागले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

"मी सांगू का, मामाजी?" कामिनीनं विचारलं. ते पंख्याकडेच बघत राहिले. मग ती म्हणाली, "पहिले हे पाणी नव्हते पित. मले न्यावं लागे म्हणून. आता एकटे जातात अन् आतून कडी लावून घेतात. ह्यायले तेवढंच पाहिजे होतं. मलेही तेवढंच पाहिजे होतं."

 रितिकानं टॅब बाजूला ठेवला. मग तिनं कामिनीला विचारलं, वॉकर मागवलात तेव्हाच हे तुमच्या मनात होतं का?

"हो तर. पण विचारलं कोणी?"

ती हे तक्रारीनं म्हणाली नाही, पण पुष्पलताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. परत येणाऱ्याला विचारायचं नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की नेणाऱ्यालाही काही विचारायचं राहून गेलं होतं. त्या रितिकाला म्हणाल्या, "नेताना विचारू ना. नेताना माणूस काहीतरी मनात धरून आलेला असते. तेव्हा विचारलेलं त्याले बरंच वाटन."

तिथून सगळं बदललं. आता वस्तू देताना पुष्पलताबाई विचारतात, याच्या आधारानं काय करायचं मनात आहे? आणि वस्तू घरी असतानाच मधे एकदा त्या किंवा रितिका जाऊन बघून येतात, जमलं का. दिवाळीच्या आत मंडळाच्या सभागृहात बैठक झाली. कंपनीचे साहेब आले होते. ते म्हणाले, कोणाला कडी लावायची, कोणाला गच्चीवर जायचं, हे सगळं वेगवेगळं. याची बेरीज कशी करणार? रितिका त्यांना म्हणाली, ज्याला जे हवं होतं ते जमलं की नाही, एवढंच मोजू. मागच्या रांगेत बाबाराव काठी टेकून बसले होते. मारोतरावांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, मी चालत आलो, आणखी काय बोलू.

कंपनीनं एक वर्ष दिलं. शिकवणीवाल्यानं दुसरी जागा बघितली. साहेबांनी एक मात्र बजावलं, की रुग्ण वारला तर ते काम जमलं नाही, असंच धरायचं. पुष्पलताबाईंना ते रुचलं नाही, पण खोली राहिली होती, म्हणून त्यांनी मान्य केलं.

दिवाळीनंतर पियूष नावाचा एक मुलगा मला न्यायला आला. मुलगा कसला, चांगला कर्ता माणूस, पण आईच्या आजारपणानं पोरासारखा झालेला. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. पुष्पलताबाईंनी विचारलं, काय करायचं मनात आहे? तो म्हणाला, आई बरी व्हावी. त्या म्हणाल्या, ते तुझ्या मनातलं झालं, आईले विचार. त्यानं तिथूनच फोन लावला. त्याची आई गोपिकाबाई, आवाज थकलेला, पण धार होती.

"सारे मलेच भेटाले येतात," त्या म्हणाल्या. "फळं आणतात अन् तोंड पाडून बसतात. कंटाळली मी. मले कोणाच्या घरी जायचं आहे भेटाले. वंदनाकडे. समोरच तर आहे."

तिथं मी गेलो. गोपिकाबाईंच्या हातात जोर नव्हता, पण हट्ट भारी. कधी खोलीतल्या खोलीत, कधी दारापर्यंत, कधी उठूच नये असा दिवस. मग एका संध्याकाळी त्यांनी सून करिष्माला सांगून चांगलं पातळ नेसवून घेतलं, केस विंचरून घेतले. पियूष बरोबर निघाला, त्याला त्यांनी फाटकातूनच परत पाठवला. सोबत आला की भेटीची मजा जाते, म्हणाल्या. आम्ही रस्ता ओलांडला. मधे दोनदा थांबलो. एका स्कूटरवाल्यानं थांबून वाट दिली. वंदनाबाईंनी दार उघडलं. गोपिकाबाई आत जाऊन सोफ्यावर बसल्या, वंदनाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहात साखर जास्त झाली म्हणाल्या, पडदे नवीन दिसतात म्हणाल्या. आजाराचा विषय त्यांनी निघू दिला नाही. अंधार पडायच्या आत उठल्या आणि दारात म्हणाल्या, आता तू ये.

संक्रांतीच्या आधी त्या वारल्या.

पियूष मला परत घेऊन आला, तेव्हा पुष्पलताबाईंबरोबर रितिकाही होती. दोघींनी त्याला काही विचारलं नाही. तो बराच वेळ माझ्या मुठीवर हात ठेवून बसला होता. निघताना दारात थांबून म्हणाला, "आई वंदनाकाकूकडे जाऊन आली होती. एकटी. ते लिहून ठेवा."

रितिकानं त्याच्यासमोरच लिहून ठेवलं. रुग्ण वारल्याचं लिहिलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, जमलं.

आठवड्यानं कंपनीतून फोन आला. तिथल्या कोणाच्या तरी नजरेला ते पडलं होतं. रुग्ण वारलेला आहे आणि तुम्ही जमलं लिहिलंय, चूक झालेली दिसते, दुरुस्त करा. मी शेजारीच उभा होतो. रितिकानं एकदा पुष्पलताबाईंकडे बघितलं आणि फोनवर म्हणाली, "चूक नाही सर. त्या बाईंना शेजारणीला भेटायला जायचं होतं. त्या भेटून आल्या." पलीकडच्या सरांनी तेच शब्द पुन्हा म्हटले, भेटून आल्या. मग ते म्हणाले, राहू द्या तसंच.

मी अजून याच खोलीत आहे. माझी एक मूठ जरा सैल झाली आहे, दांडीवर पोचे आलेत, पण भार घेतो. आज ना उद्या तुमच्या घरच्या कोणासाठी तुम्ही इथं याल. यावं लागू नये अशी माझी इच्छा आहे, पण आलात तर पुष्पलताबाई विचारतील. तेव्हा नुसतं बरं व्हायचंय म्हणून सुटू नका. घरी आजारी असेल त्या माणसाला विचारून या. कोणाला भेटायचंय, कोणावर रुसून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचंय, स्वयंपाकघरात जाऊन सुनेला दोन शब्द सुनावायचेत, जे असेल ते सांगा. बरं करणं माझ्या हातात नाही. पण शेजारणीच्या दारापर्यंत मी नक्की येईन.